माणूस पाठवता येईल का? टेलिपोर्टेशन आणि आपला प्रवास

वाशिष्ठीकाठ

फेब्रुवारीत रात्री दोन वाजता वहिनीचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन लगेच करायचंय. मी डेट्रॉइटला, आई चिपळूणला. तिकीट मिळालं, अॅमस्टरडॅमला पुढचं विमान चुकलं, तिथे सहा तास गेले. मग मुंबई, मग पनवेलवरून गाडी. घराचं दार ओढल्यापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत ३४ तास. तोवर ऑपरेशन होऊन आई शुद्धीवर आली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढ्या लांबून कशाला आलीस?"

त्या सहा तासांत विमानतळावरच्या पाटीखाली बसून एकच विचार येत होता. आवाज पोचतो, चेहरा पोचतो, पैसे पोचतात. माणूसच का नाही? टेलिपोर्टेशनबद्दल लहानपणापासून वाचतेय, पण आता मनापासून विचारते. शंभर-दोनशे वर्षांत हे होऊ शकेल का? विमान, रेल्वे, एसटी यांची जागा ते घेईल का? आणि झालंच, तर तुम्ही त्यात पाऊल टाकाल का?

जाणकारांनी सविस्तर लिहावं.

खडीसाखर

आधी सांग, आई आता कशा आहेत?

वाशिष्ठीकाठ

वॉकर घेऊन ओटीपर्यंत येते. काल अंगणात जायचा हट्ट धरला होता.

फोटॉनपाटील

छान धागा. भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं मोठं लिहितो.

टेलिपोर्टेशन ही गोष्ट प्रयोगशाळेत झालेली आहे, पण ती वस्तूची नाही, अवस्थेची, म्हणजे कण 'कसा' आहे त्या माहितीची. १९९३ साली बेनेट, ब्रासार आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी कागदावर मांडलं, १९९७ला इन्सब्रुकमध्ये झाइलिंगर यांच्या गटाने प्रकाशकणावर करून दाखवलं. २००४मध्ये अणूंवर जमलं. २०१२ला कॅनरी बेटांवर ला पाल्मा ते टेनेरिफ १४३ किलोमीटर. २०१७ला चिनी शास्त्रज्ञांनी तिबेटमधल्या न्गारी केंद्रावरून मिशियस उपग्रहापर्यंत १४०० किलोमीटर अंतर गाठलं. झाइलिंगर यांना २०२२चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा आहे.

होतं कसं? एकमेकांत गुंतलेल्या, म्हणजे ज्यांच्या अवस्था एकमेकींशी बांधलेल्या आहेत अशा दोन कणांची जोडी तयार करायची. एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे. आता मला ज्याची अवस्था पाठवायची आहे तो तिसरा कण घेऊन माझ्याकडच्या कणाबरोबर त्याची एकत्र मोजणी करायची. उत्तर चारांपैकी एक येतं. ते मी तुम्हाला साध्या फोनने कळवायचं. त्याप्रमाणे तुम्ही तुमच्या कणावर चारांपैकी एक क्रिया केली की तो हुबेहूब माझ्या तिसऱ्या कणासारखा होतो. माझ्याकडच्या कणाची मूळ अवस्था मात्र मोजताक्षणी पुसली जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. फोनशिवाय काम होत नाही, म्हणून प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जात नाही. आणि कण जागचा हलत नाही, जाते ती फक्त त्याची 'कशी' ही माहिती. 'काय' हे पलीकडे आधीच हजर लागतं.

तिखटमीठ

मग हिशेब करूया. सत्तर किलोच्या माणसात अणू किती? सातावर सत्तावीस शून्यं. एका अणूची माहिती फक्त एका बिटात बसली असं धरलं (बसणार नाही, पण धरू), आणि सेकंदाला एक लाख कोटी बिट जातील अशी लाइन घेतली, म्हणजे घरच्या शंभर एमबीपीएसच्या दहा हजार पट, तरी एक माणूस पाठवायला २२ कोटी वर्षं लागतात. २२ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर डायनासोर नुकते कुठे आले होते.

वाशिष्ठीकाठ, ३४ तास म्हणजे फारच लवकर पोचलात!

भाऊचा_धक्का

😀 आणि मध्ये लाइन गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

कोडवाला

तिखटमीठ, हिशेब बरोबर आहे पण पद्धत पटत नाही. मी डेटा दाबून लहान करण्याच्याच कामात आहे. शरीरात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी. पाण्याचा रेणू इथून तिथून सारखाच, त्याची नोंद कशाला? हाडं, स्नायू, यकृत पलीकडे नवीन बनवलं आणि ते दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर बिघडलं कुठे? नेमकेपणा लागतो तो मेंदूत. मेंदू दीड किलोच्या आत, म्हणजे शरीराचा पन्नासावा भाग. २२ कोटींचे ४४ लाख वर्षं झाले.

आणखी पुढे जाऊ. मेंदूतही प्रत्येक अणू नको, जोडण्या पुरेत. चेतापेशी ८६०० कोटींच्या घरात. त्यांच्यातल्या जोडण्या शंभर लाख कोटी धरा, प्रत्येकीला दहा बिट. त्याच लाइनवर हजार सेकंद. सतरा मिनिटं!

तिखटमीठ

२२ कोटी वर्षांवरून सतरा मिनिटांवर! भाजीबाजारात तुम्हालाच न्यायला हवं.

फोटॉनपाटील

कोडवाला, ही घासाघीस मला आवडली, आणि तुमचं एक खरं आहे: पाठवणं ही मोठी अडचण नाही. अडचण दोन्ही टोकांना आहे. वाचणार कसं, बांधणार कसं?

वाचण्याचं उदाहरण घ्या. २०२४ला फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा जोडण्यांसकट नकाशा प्रसिद्ध झाला. सुमारे एक लाख चाळीस हजार चेतापेशी. त्यासाठी खसखशीएवढ्या मेंदूचे हजारो पातळ काप करून एकेकाचे फोटो काढावे लागले. माशी अर्थातच मेलेली. त्याच्या आधी १९८६ला एका कृमीचा नकाशा झाला होता, त्याच्या पेशी ३०२. कृमीपासून माशीपर्यंत यायला अडतीस वर्षं गेली. आपण ८६०० कोटींवर बसलोय. आणि बांधण्याबद्दल बोलायचं तर जिवंत यकृताचा एक नीट तुकडा बनवताना आज दमछाक होते.

शिवाय तुम्ही जे सांगताय ते टेलिपोर्टेशन नाही, झेरॉक्स आहे. अवस्था पुसली जाणं हे क्वांटमचं, म्हणजे कणांच्या जगातल्या नियमांचं बंधन, तिथे अज्ञात अवस्थेची प्रत निघूच शकत नाही, हे १९८२ला सिद्ध झालंय. तुमच्या पद्धतीत मूळ माणूस डेट्रॉइटला तसाच उभा राहतो. त्याचं काय करायचं?

दारातली_तुळस

इथेच माझ्या पोटात गोळा येतो. पलीकडे जी बाई उतरेल ती माझ्यासारखी दिसेल, माझी मुलं ओळखेल, माझ्या हातच्या आमटीची चव तिच्या हाताला असेल. पण मी? मी अलीकडच्या खोलीत संपलेली असेन, आणि हे कुणाला कळणारही नाही, कारण ती सगळ्यांना सांगेल की मीच आहे, छान पोचले. मी नाही पाऊल टाकणार. चौतीस काय, चारशे तास लागले तरी बसून जाईन.

कुंभारवाडा

+१ तुळसताई.

जागता_पहारा

मी भूलतज्ज्ञ आहे, हृदयशस्त्रक्रियेच्या युनिटमध्ये बरीच वर्षं. तुळस, तुमची भीती मी रोज वेगळ्या रूपात ऐकतो. टेबलावर घेतलेला माणूस हात धरून विचारतो, "डॉक्टर, मीच उठेन ना?"

महाधमनीच्या कमानीचं ऑपरेशन करताना काही वेळा शरीर अठरा-वीस अंशांपर्यंत थंड करतात आणि रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात. वीस-तीस मिनिटं. हृदय बंद, श्वास बंद, मेंदूच्या आलेखावर सरळ रेघ. त्या वेळात त्या माणसात काहीही 'चालू' नसतं. मग हळूहळू ऊब देतात. साताऱ्याकडचे एक आजोबा असे उठले. नळी काढल्यावर घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न, "सकाळची धार कुणी काढली?"

ती धारेची काळजी त्या अर्ध्या तासात कुठे होती? विजेच्या खेळात नव्हती, तो थांबला होता. मेंदूच्या घडणीत होती. म्हणून मला कोडवाल्यांचं म्हणणं पटतं: घडण तंतोतंत तशीच उभी केली तर उठणारा माणूस तोच असेल.

दारातली_तुळस

डॉक्टर, पण आजोबांचा मेंदू तोच होता ना? थांबला आणि पुन्हा चालू झाला. घड्याळ बंद पडलं, किल्ली दिली. तुम्ही मला नवीन घड्याळ देताय, त्याच वेळेला लावलेलं.

जागता_पहारा

हो, हा फरक आहे. माझ्याकडे याला उत्तर नाही.

कोडवाला

शरीरातले अणू तसेही बदलतच असतात. तांबडी पेशी १२० दिवस टिकते. मागच्या दिवाळीतलं तुमचं रक्त आज नाही.

फोटॉनपाटील

पण मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात. शिवाय हळूहळू बदलणं आणि एका क्षणात बदलणं यात फरक नाही का? जुन्या घराची कौलं दरवर्षी थोडी थोडी बदलली तर घर तेच. पाडून शेजारी तसंच बांधलं तर?

टपालपेटी

मी टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढली, रत्नागिरी जिल्ह्यात. बराच वेळ वाचतोय. विज्ञान मला फार कळत नाही, पण तुम्ही जे बोलताय ते मी रोज केलेलं काम आहे.

मनीऑर्डर आठवा. मुंबईचा चाकरमानी लालबागच्या पोस्टात पन्नासाची नोट द्यायचा. ती नोट गावाला जात नसे. जायचा तो फॉर्म. गावच्या पोस्टात पन्नास रुपये पेटीतून काढून आम्ही म्हातारीच्या हातावर ठेवायचो. नोट वेगळी, नंबर वेगळा. पण एकाही म्हातारीने मला कधी विचारलं नाही की हे माझ्या मुलाने दिलेलेच पैसे का? ते त्यानेच पाठवलेले पैसे होते.

पार्सलचं तसं नाही. मुलाने पाठवलेलं लुगडं हरवलं आणि मी तसंच दुसरं दुकानातून आणून दिलं तर म्हातारी घेईल, पण तिला कळलं तर रडेल.

तेव्हा तुमचा प्रश्न मला असा दिसतो. माणूस मनीऑर्डर आहे का पार्सल? डॉक्टर म्हणतात मनीऑर्डर. तुळसताई म्हणतात पार्सल.

आणखी एक. मनीऑर्डर आली म्हणजे पैसे मिळाले असं नसायचं. लहान पोस्टात रोकड ठेवायला मर्यादा असते. गणपतीच्या आधी ढीगभर मनीऑर्डरी यायच्या आणि पेटीत पैसे नसायचे. मग हेड ऑफिसला मागणी करायची, तिथून कॅश बॅग एसटीने यायची. घाटात दरड कोसळली की फॉर्म टेबलावर आणि म्हाताऱ्या पायरीवर बसून. फॉर्म कितीही लवकर आला तरी पैसे एसटीच्याच वेगाने यायचे.

फोटॉनपाटील

टपालपेटी काका, नमस्कार करतो. वर्गात पंधरा वर्षं शिकवतोय, हे उदाहरण मला सुचलं नव्हतं.

तुमची कॅश बॅग म्हणजे आमची गुंतलेल्या कणांची जोडी! ती आधी पोचवावी लागते, आणि ती तारेतून, आकाशातून, साध्या मार्गानेच जाते. प्रत्येक टेलिपोर्टेशनला एक जोडी खर्च होते. संपली की नवी पाठवा. मूळ अवस्था पुसली जाते तीही मनीऑर्डरसारखीच, काउंटरवर नोट दिली की ती तुमची राहत नाही. पैसे दोन्हीकडे राहिले असते तर खातं बुडालं असतं.

म्हणजे वाशिष्ठीकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आता ठामपणे देतो. टेलिपोर्टेशन साध्या प्रवासाची जागा पूर्णपणे कधीच घेणार नाही, कारण ते साध्या प्रवासावरच उभं आहे. पलीकडचं यंत्र, पलीकडचा कच्चा माल, ती जोडी, हे सगळं कुणीतरी गाडीने, जहाजाने, विमानाने आधी न्यायलाच हवं. जिथे कुणी गेलंच नाही तिथे टेलिपोर्ट होऊन उतरता येणार नाही.

हायवेचा_ढाबा

आणि माल? माझे दोन ट्रक आहेत, लासलगावहून कांदा भरतात. किलोला दोन-तीन रुपये भाड्यावरून भांडणं होतात आमची. कांद्याची अणू-अणू नोंद करून पाठवायला कोण देणार पैसे? माणूस जाईल एक वेळ, कांदा ट्रकनेच.

तिखटमीठ

आणि हॉटेलात कांदा मागितला तर म्हणतील, थांबा, डाउनलोड होतोय.

भाऊचा_धक्का

नवं आलं म्हणून जुनं जात नाही असं नाही हं. आमच्या घरी आजोबांपासून सगळे कोकणात आगबोटीने जायचे. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची. जयगड-रत्नागिरीला बोट खोल पाण्यात थांबली की पडावात उतरायचं, लाट वर आली की उडी, चुकलं तर बाई-पोरं पाण्यात. १७ जुलै १९४७ला रेवसला जाणारी रामदास बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. तरी पुढे लोक बोटीत बसलेच, कारण गावाला जायचं होतं. मग एसटी वाढली, १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण झाली. आता पडावातली उडी माहीत असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

तेव्हा तुळसताई, आज तुम्ही नाही म्हणताय, पण तुमची पणती त्या खोलीत जाईल आणि तिला त्यात काही वाटणार नाही.

सह्यवारा

उलटं उदाहरण कॉन्कॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान विमानाचं. १९७६ला प्रवासी सेवा सुरू झाली, लंडन ते न्यूयॉर्क साडेतीन तास. २००३ला बंद. आज तेच अंतर पुन्हा सात-आठ तासांचं. वेग असून परवडला नाही, आवाजामुळे जमिनीवरून जोरात नेता येईना. म्हणजे नुसतं लवकर पोचवतं म्हणून काही टिकत नाही.

इंद्रायणीचा_घाट

रेल्वे, एसटी सगळं असताना आळंदीहून पंढरपूरला लाखो लोक आजही चालत जातात. पोचणं म्हणजेच प्रवास नव्हे.

खडीसाखर

इंद्रायणी, मीही दोनदा वारी चाललेय, दिवेघाटात पाय सुजले होते. पण ते इथे लावू नका. वारीत चालणं हीच सेवा. हिला आईच्या खाटेशी जायचं होतं. अॅमस्टरडॅमच्या बाकावरचे सहा तास ही कसली वारी? तिथे तिला दार उघडून पलीकडे जाता आलं असतं तर मी म्हणेन देवच पावला.

इंद्रायणीचा_घाट

खरं आहे. घाईत लिहिलं. आईंना नमस्कार सांगा.

जागता_पहारा

खाटेशी पोचणं हाच मुद्दा असेल तर एक सांगतो. त्या रात्री तुमच्या आईचा एक्स-रे बहुधा मिनिटाच्या आत कुणा मोठ्या सर्जनच्या फोनवर गेला असेल. हाडाची 'कशी' ही माहिती पोचली आणि निर्णय झाला. आमच्या क्षेत्रात गेल्या वीस वर्षांत खूप काही बदललं ते यामुळे. माणूस न हलता त्याचं जेवढं पाठवता येतं तेवढं आम्ही पाठवतो. खुब्याच्या फ्रॅक्चरला दोन दिवसांच्या आत ऑपरेशन झालेलं चांगलं. वहिनीने वाट न बघता सही केली ते अगदी योग्य केलं.

वाशिष्ठीकाठ

डॉक्टर, तुमचं शेवटचं वाक्य वहिनीला वाचून दाखवलं. ती गप्प झाली. "ताईंना विचारलं नाही" हे तिच्या मनात इतके महिने होतं, हे मला आज कळलं.

एक्स-रे पुण्याच्या डॉक्टरांना पाठवला होता, तुम्ही म्हणालात तसाच.

टपालपेटी काका, तुमचं वाचून मी रात्री आईला फोन केला. माझे बाबा परळच्या गिरणीत होते. आईने ट्रंकेतली एक पिशवी वहिनीकरवी काढवली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. मनीऑर्डरची कूपनं. पोस्टमन फॉर्मचा जो तुकडा फाडून द्यायचा, ज्यावर चार ओळी लिहायला जागा असायची, ती. सगळी ठेवली आहेत तिने, दोऱ्यात ओवून. शेवटचं जानेवारी ८२चं. मग संप झाला.

पैसे केव्हाच खर्च झाले. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. पण अक्षर त्यांचं आहे, 'आ'चा काना तसाच खाली वळवलेला. मनीऑर्डरबरोबर तेवढा तुकडा मात्र पार्सलसारखा खरोखर मुंबईहून गावाला आला होता. त्या कागदावर त्यांचा हात टेकला होता. मी स्क्रीनवर बघत होते आणि मला तो हातात हवा होता. फोटो पाठव म्हणाले नाही. दिवाळीत येते म्हणाले.

म्हणून काका, मला वाटतं तुळसताईंचंही खरं आणि डॉक्टरांचंही. ती खोली असती तर त्या फेब्रुवारीत मी डोळे मिटून आत गेले असते, पलीकडे उतरणारी मी असो की माझ्यासारखी. आईला लेक मिळाली असती. पण मुलाला मी त्यात नसतं पाठवलं.

एक विचारायचं होतं. एका कूपनवर लिहिलंय, "मी खुशाल. पावसाआधी कौले परतून घेणे. गाईस पेंड घेणे." त्यावर दोन शिक्के आहेत. एक ९ जून ८१चा, दुसरा १५ जूनचा. आई म्हणते त्या वर्षी पैसे उशिरा आले आणि कौलं परतायच्या आत पाऊस लागला. सहा दिवस का लागले असतील?

टपालपेटी

९ तारखेचा शिक्का मुंबईचा, १५चा तुमच्या गावचा. मुंबईहून यायला तीन-चार दिवस धरायचे. म्हणजे शुक्रवारी किंवा शनिवारी, १२-१३ला, फॉर्म आमच्याकडे आला असणार. १४ला रविवार होता.

पेटीत रोकड नसेल. सोमवारी एसटीने बॅग आली आणि वाटली.